वाचा बंद होण्यापूर्वीं
(महोत्सवप्रसंगीं दिलेलें भाषण)



महोत्सवाच्या आनंदांत मरणाची गोष्ट काढणें कित्येकांस अप्रशस्त वाटेल. परंतु सुमरणासाठीं संत योसेफाची विनवणी करणें ही आपली जुनी रीत आहे. त्या वेळेची तयारी आधीं करून ठेवणें हें अविश्वासाचें लक्षण नव्हे.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानभाग हिचें नांव आपण ऐकलें असेल. २७ नोव्हेंबर १९७३ रोजीं तिजवर भयंकर हल्ला होऊन मेंदूस इजा झाली. १८ मे २०१५ रोजीं देहान्त होईपर्यंत तिला आपलें मनोगत सांगतां आलें नाहीं. तिला अन्न देणें थांबवावें, असा अर्ज एका लेखिकेनें केला. तिची वर्षानुवर्षें शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांनीं विरोध केला. ७ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो अर्ज फेटाळला. दोन्ही पक्ष तिच्याच हिताचें बोलत होते; परंतु तिला विचारण्याची सोय उरली नव्हती.

असा प्रसंग आपल्या घरींही येऊं शकतो. मुंबई-गोवा महामार्ग आपल्या शिरढोणवरूनच जातो. अपघात किंवा पक्षाघात वर्दी देऊन येत नाहीं. मग रुग्णालयाच्या दारांत थोरला मुलगा एक म्हणतो, धाकटी मुलगी दुसरें म्हणते, आणि त्या दिवशीं पडलेली तेढ बापाच्या पश्चात्‌ही मिटत नाहीं.

ख्रिस्तसभेची शिकवण स्पष्ट आहे. जाणूनबुजून प्राण घेणें, मग तें दयेपोटीं कां असेना, पापच होय. परंतु मरण समीप व अटळ असतां, केवळ तें लांबविणारे जाचक उपचार नाकारण्यास मुभा आहे. पोप बारावे पायस ह्यांनीं १९५७ सालीं डॉक्टरांपुढें हेंच सांगितलें, व १९८० च्या व्हॅटिकनच्या घोषणापत्रांत तें पुनः आलें. वेदना शमविणें आणि देहास लाभतें तोंवर अन्नपाणी देणें, हें मात्र सोडतां येत नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें ९ मार्च २०१८ रोजीं अशा इच्छापत्रास मान्यता दिली, व २४ जानेवारी २०२३ रोजीं त्याची रीत सुलभ केली. सज्ञान मनुष्यानें दोन साक्षीदारांसमक्ष सही करावी. नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तें साक्षांकित करून घ्यावें. आपल्या वतीनें कोणीं बोलावें, त्यांचीं नांवें घालावीं. मन बदलल्यास तें रद्दही करतां येतें. कायदा जें जें करूं देतो, तें सर्व ख्रिस्ती माणसानें मागावें असें नाहीं. म्हणून ख्रिस्तसभेच्या शिकवणीस धरूनच उपचार व्हावेत, आणि अभ्यंग व ख्रिस्तप्रसाद देण्यास धर्मगुरूंस वेळेवर बोलवावें, हेंही त्यांत लिहा.

कागद होण्यास अवकाश लागेल. बोलणें आजच होऊं शकतें. आज रात्रीं जपमाळेनंतर घरच्यांस जवळ बसवा. आपला शब्द कोणावर सोंपवितां, तें सर्वांदेखत सांगा, म्हणजे पुढें त्या मुलास भावंडांपुढें एकट्यानें उत्तर द्यावें लागणार नाहीं.

सुमरणाचा आश्रयदाता संत योसेफ आपणां सर्वांसाठीं विनंती करो. आमेन.