नृत्यदिग्दर्शनाचा मान
(मंडळाच्या वार्षिक पारितोषिक-वितरण समारंभात केलेले भाषण)



कार्यवाहांनी मला बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय शिक्षणाचाच असेल असा त्यांचा समज झाला असावा. मी निवडला आहे तो नाचाचा. पुढच्या रांगेतील काही वडीलधाऱ्यांच्या कपाळावर आठी उमटलेली मला येथून दिसते. त्यांनी थोडा धीर धरावा, एवढीच विनंती.

आपल्यापैकी पुष्कळांचे बालपण परळ-लालबागच्या चाळींत गेले. त्याच परळात शांतारामबापूंनी १९४२ साली राजकमल कलामंदिर सुरू केले. १९५५ चा 'झनक झनक पायल बाजे' हा त्या संस्थेचा चित्रपट. नृत्य हाच त्याचा विषय. गोपीकृष्ण त्याचे नायक आणि नृत्यदिग्दर्शकही. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, कलादिग्दर्शन आणि ध्वनिमुद्रण हे मान त्याला मिळाले. नृत्याला काही मिळाले नाही, कारण त्या यादीत नृत्याचा रकानाच नव्हता! ज्या पायांवर सारा डोलारा उभा, त्या पायांनाच पाट मांडलेला नाही, असा तो प्रकार.

मास्टर भगवान यांचे उदाहरण तर आपल्या दारातले. गिरणीत काम केलेला हा माणूस; 'अलबेला' १९५१ साली आला आणि त्यांची ती संथ, डुलती चाल घरोघरी पोहोचली. पुढे दिवस फिरले आणि दादरच्या चाळीतच २००२ साली त्यांचे देहावसान झाले. गणपतीची मिरवणूक त्यांच्या घरावरून जाताना थबके व वाजंत्री त्यांचेच गाणे वाजवीत, असे जुने दादरकर सांगतात. त्यांचे पारितोषिक म्हणायचे तर तेच.

१९५४ पासून पारितोषिके देणाऱ्या फिल्मफेअरला हा रकाना उघडण्यास तब्बल ३५ वर्षे लागली. 'तेजाब'मधील माधुरी दीक्षित यांच्या नाचाचा बोलबाला एवढा झाला की १९८९ साली नृत्यदिग्दर्शनाचे स्वतंत्र पारितोषिक निघाले आणि पहिला मान सरोज खान यांना मिळाला. समूहनृत्यात मागे नाचणारी मुलगी, मग सोहनलाल यांची सहाय्यक, असा त्यांचा प्रवास. ओळीने तीन वर्षे आणि एकंदर आठ वेळा ते पारितोषिक त्यांनी पटकावले. राष्ट्रीय पुरस्कारांतही १९९१ च्या चित्रपटांपासून हा विभाग आला. तेथेही त्यांचा तीनदा गौरव झाला. अमेरिकेच्या ऑस्करची गोष्ट उलटी. तेथे हे पारितोषिक १९३५ ते १९३७ च्या चित्रपटांना दिले गेले आणि बंद पडले. म्हणून २०२३ साली 'नाटू नाटू'चा जयजयकार झाला तेव्हा मान संगीतकार आणि गीतकार यांना मिळाला; पावले बसविणारे प्रेम रक्षित टाळ्या वाजविणाऱ्यांतच राहिले. (राष्ट्रीय पुरस्कार मात्र त्यांना मिळाला, हे आपल्या देशाला भूषणावह आहे.)

हे काम सोपे नव्हे. तमाशाच्या फडात प्रेक्षक एका जागी बसलेला असतो; कॅमेरा मात्र कधी चेहऱ्याशी, कधी पायांशी. गाणे तुकड्यातुकड्यांनी चित्रित व्हायचे, परंतु पडद्यावर ते एका दमात नाचल्यासारखे दिसले पाहिजे. 'नटरंग'मधील 'अप्सरा आली' ही फुलवा खामकर यांनी बसविलेली लावणी मी तीनदा पाहिली, ती हा सांधा शोधण्यासाठी. तो मला सापडला नाही. लालबागच्या हनुमान थिएटराच्या वाटेने जाण्यास घरून सक्त बंदी असलेल्या माझ्या पिढीने हे सांगावे, याचे हसू येणे साहजिक आहे.

आता मुद्द्याचे. गेल्या वर्षी आपल्या एका सभासदाच्या कन्येने कलाविभागाच्या पारितोषिकासाठी अर्ज केला होता. ती पदवीधर आहे आणि चित्रपटसृष्टीत एका नृत्यदिग्दर्शकाकडे सहाय्यक म्हणून काम करते. पहाटे निघते, कधी मध्यरात्री परतते; त्या मिळकतीवर धाकट्या भावाचे शिक्षण चालले आहे. चित्रकला आणि गायन यांचे अर्ज समितीपुढे गेले. हिचा गेला नाही. तो बाजूला ठेवणारा समितीचा सभासद दुसरातिसरा कोणी नसून मीच. "लोक काय म्हणतील" एवढेच माझे कारण होते. ते कागदावर लिहिण्याचेही धैर्य मला झाले नाही.

तिने यंदा पुन्हा अर्ज केलेला नाही. गेल्या वर्षीचा कागद मी जपून ठेवला होता. तिच्या वडिलांची संमती घेऊन तो आज सोबत आणला आहे. अध्यक्ष महाराजांच्या स्वाधीन तो करतो आणि आपली रजा घेतो.