शिरूरची जुनी दफनभूमी

पुणे–अहिल्यानगर रस्त्यावर, घोडनदीच्या काठी वसलेलं शिरूर एके काळी लष्करी छावणीचं गाव होतं. १८०२च्या वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज स्वीकारली आणि त्या फौजेचा तळ पुढे शिरूरला पडला. कोरेगावच्या लढाईत उतरलेली कॅप्टन स्टॉन्टनची इंग्रज तुकडी ३१ डिसेंबर १८१७च्या रात्री पुण्याकडे निघाली, ती याच छावणीतून.

छावणी आली, तशी दफनभूमीही आली. तिथे कर्नल विल्यम वॉलेस यांची कबर आहे. १८०३मध्ये मराठ्यांविरुद्धच्या असईच्या लढाईत ते इंग्रज सेनानी वेलस्लीच्या सैन्यात होते. १८०९मध्ये शिरूरला त्यांचं निधन झालं.

पुढे जे घडलं ते विलक्षण आहे. परक्या फौजेच्या या सेनापतीला गावकरी ‘सत्पुरुष’ मानू लागले. १८८५च्या पुणे जिल्हा गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे: ब्राह्मण आणि मारवाडी सोडून इतर हिंदू या कबरीची पूजा करत आणि सुगीच्या वेळी नव्या धान्याचा पहिला नैवेद्य तिथे आणत.

ज्या मातीने पीर, विरोबा आणि म्हसोबा यांना सारख्याच श्रद्धेने हात जोडले, तिनेच या परदेशी माणसालाही आपलं म्हटलं. अशी थडगी म्हणजे आपल्याच गावाचा इतिहास आहे. शिरूर-दौंड भागातल्या शिक्षकांनी मुलांना तिथे न्यावं, शिलालेखांची अक्षरं शाबूत आहेत तोवर ती उतरवून घ्यावीत आणि गावातल्या वृद्धांच्या आठवणीही लिहून ठेवाव्यात.