खिशातील यंत्र आणि पायांतील बळ



या वार्षिक मेळाव्यात चार शब्द बोलावेत, अशी आपण आम्हांस आज्ञा केली. आम्ही काही डॉक्टर नाही. पालघरात जन्मभर खडू झिजविलेला एक शाळामास्तर. तथापि घरी घडलेली एक गोष्ट आपल्यापुढे मांडणे आम्हांस अगत्याचे वाटते. कारण तीत चूक आमची आहे.

आमची पुतणी बोईसरला नोकरीस. मध्ये उमरोळी हे एकच स्टेशन. प्रवास तो केवढा! परंतु दोन वर्षांपूर्वी तिला पुलाचा जिना चढवेना. संध्याकाळी घरी येताच ती अंथरुणाला पाठ टेके. आम्ही बोललो, "हल्लीच्या पोरींना कष्ट म्हणून नकोत!" पुढे मुंबईस मेंदूचा एमआरआय झाला आणि मल्टिपल स्क्लेरोसिस हे नाव कानी पडले. पोरगी एवढेच म्हणाली, "काका, म्हणजे मी आळशी नव्हते ना?" या प्रश्नाचे उत्तर आमच्याच्याने देववले नाही.

विजेच्या तारेवरील वेष्टन झिजले की प्रवाहात बिघाड होतो. तसेच या विकारात शरीराची संरक्षक शक्ती मज्जातंतूंवरील मायलिन या वेष्टनावर उलटते. पॅरिसच्या शार्को यांनी 1868 साली या रोगाचे सुस्पष्ट वर्णन केले. तो बहुधा विशी ते चाळिशीत, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. तो संसर्गजन्य नाही, आणि कोणाच्या पापाचे फळ तर नव्हेच नव्हे.

पूर्वी अशा रुग्णांस विश्रांतीच सांगत. परंतु 1996 साली अमेरिकेतील युटा विद्यापीठात 15 आठवडे नियमित व्यायाम देऊन पाहिला, तेव्हा रुग्णांचा दम व बळ वाढलेले दिसून आले. मात्र व्यायाम बेताचा हवा. अंग तापले की लक्षणे तात्पुरती वाढतात; श्रमाने दृष्टी तात्पुरती मंदावते, हे तर उटहॉफ यांनी 1890 सालीच नोंदविले होते. आपल्या किनाऱ्यावरील दमट उकाड्यात तर हे विसरून चालणारच नाही.

मग बेत कोणी ठरवावा? येथे खिशातील फोन उपयोगी पडतो. त्यात गतिमापक व वळणमापक अशी सूक्ष्म यंत्रे असतात. सिलिकॉनच्या स्प्रिंगांवर तोललेला कण हलला की विद्युत्‌स्थिती बदलते, आणि त्यावरून पावलांचा वेग, दोन पावलांमधील काळ व अंगाचा झोक कळतो. 'फ्लडलाइट' नामक कार्यक्रमात दोन मिनिटांची चाल, वळणे आणि स्थिर उभे राहणे अशा परीक्षा या रोगाच्या रुग्णांकडून फोनवरच करवून घेण्यात आल्या.

आमची पुतणी फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने पहाटेच्या गारव्यात, कमरेच्या पट्ट्यात फोन अडकवून अंगणात चालते. शेजारी खुर्ची व पाणी असते. पावले विषम पडू लागली की थांबावयाचे. महिन्याची नोंद पाहून पुढचा बेत डॉक्टरांनी ठरवावयाचा. तुलना शेजाऱ्याशी नव्हे, स्वतःच्याच कालच्या पावलांशी! शाळेत हा नियम आम्ही मुलांना नित्य सांगत असू. स्वतःच्या घरी मात्र विसरलो.

यंत्रालाही मर्यादा आहेत. पाय ओढत किंवा काठी टेकीत सावकाश चालणाऱ्याची पावले मोजताना ते चुकते. फोन एक दिवस हातात, तर दुसऱ्या दिवशी खिशात ठेवला, तर नोंदींचा मेळ बसत नाही. चालताना पडद्याकडे पाहणे तर पडण्यास निमंत्रणच. आणि दृष्टी अंधुक झाली अथवा पाय एकाएकी लुळा पडला, तर फोन बाजूस ठेवून तत्काळ डॉक्टरांस गाठावे.

शेवटी एकच विनंती. मुलीचे लग्न जमणार नाही, या भयाने रोग लपवू नका. लपविल्याने उपचार मात्र लांबतात. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात या रोगाचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था 1985 पासून रुग्णांसाठी झटत आहे. यंत्र पावले मोजील. परंतु थकलेल्या माणसास आळशी न म्हणण्याचे काम यंत्राचे नव्हे. ते आपणा घरच्या मंडळींचे आहे.