खरेदीच्या नस्तीतील वर्णनाचा रकाना



 

भांडार, लेखा व खरेदी शाखांच्या या परिषदेच्या अध्यक्षाने सरकारी खरेदीच्या क्षेत्रातील घडामोडींचा आढावा घ्यावा, असा येथील शिरस्ता आहे. मुंबई वित्तीय नियम, १९५९ आणि आकस्मिक खर्च नियम, १९६५ यांची पाने उलटीत ज्यांनी नोकरीला प्रारंभ केला, त्यांनी मध्यवर्ती भांडार खरेदी संघटनेच्या दरकरारांचा अंमल पाहिला आणि तो ओसरतानाही पाहिला. महाराष्ट्र शासनाच्या उद्योग विभागाने १ डिसेंबर २०१६ च्या शासननिर्णयाने कार्यालयीन खरेदीची सुधारित नियमपुस्तिका लागू केली. त्याच वर्षी केंद्राची ई-बाजारपेठ, जिला आता प्रत्येक कचेरीत ‘जेम’ म्हणतात, ती सुरू झाली; पुढल्याच वर्षी महाराष्ट्राने तिचा स्वीकार केला आणि दिल्लीचे जुने पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय ३१ ऑक्टोबर २०१७ रोजी बंद झाले. तामिळनाडूने १९९८ मध्ये, कर्नाटकाने १९९९ मध्ये आणि राजस्थानने २०१२ मध्ये सार्वजनिक खरेदीसाठी स्वतंत्र कायदे केले. संसदेत २०१२ साली आलेले विधेयक मात्र लोकसभेच्या मुदतीबरोबरच व्यपगत झाले. महाराष्ट्रात औषधे व वैद्यकीय सामग्री यांच्यासाठी २०२३ मध्ये प्राधिकरणाचा कायदा झाला, परंतु कचेरीची खुर्ची, वसतिगृहाची गादी, रुग्णालयाचे कांबळे ही सर्व आजही शासननिर्णयांच्याच आधारे घेतली जातात.

आढावा मी येथेच थांबवतो. या साऱ्या स्थित्यंतरांत जी एक गोष्ट तसूभरही बदलली नाही, तिच्याविषयी अधिकारी वर्गासमोर मोकळेपणाने बोलण्याची संधी मी कित्येक वर्षे शोधीत होतो, आणि ती आज मिळाली असता अन्य विषयांत वेळ घालवणे मला मानवणारे नाही.

कोणत्याही खरेदीची नस्ती उघडा. मागणीपत्र, प्रशासकीय मान्यता, निधी उपलब्ध असल्याचा दाखला, निविदा सूचना, बयाणा रकमेचा तपशील, तांत्रिक लिफाफा, वित्तीय लिफाफा, तुलनात्मक तक्ता, खरेदी समितीच्या सह्या, पुरवठा आदेश, सुरक्षा अनामत असे सर्व काही क्रमवार लावलेले असते. आणि या दोन-अडीचशे पानांच्या मध्यभागी, ज्या वस्तूसाठी हा सारा प्रपंच मांडला, त्या वस्तूचे वर्णन दीड ओळीत आटोपलेले असते. ती दीड ओळही बहुधा मागल्या वर्षीच्या नस्तीतून नाहीतर एखाद्या पुरवठादाराच्या छापील पत्रकातून उतरून घेतलेली असते. नियमाने दरपत्रके मोजली, दिवस मोजले, लिफाफे मोजले, सह्या मोजल्या. ते वर्णन कोणी लिहावे, ते लिहिण्यास त्याला काय शिकवावे आणि माल आल्यावर त्या वर्णनाशी तो कोणी ताडून पाहावा, याची तजवीज मात्र कोणत्याही कचेरीत मन लावून झालेली मी पाहिली नाही. सरकारी खरेदीतील निम्म्याहून अधिक अनर्थाचे मूळ या एका रकान्यात आहे, असे माझे ठाम मत आहे.

न्यूनतम दराचे तत्त्व ठेवावे की मोडावे, हा वाद आपल्या परिषदांतून वर्षानुवर्षे रंगत आला आहे. केंद्रीय वित्त मंत्रालयाने २९ ऑक्टोबर २०२१ च्या सूचनांनी बांधकामे व सल्लागारीखेरीजच्या सेवांमध्येही गुणवत्तेला गुण देण्यास मुभा दिली आणि त्या गुणांचा भार ३० टक्क्यांपर्यंत मर्यादित ठेवला, तेव्हा आमच्या काही मित्रांना आता सर्व व्याधींवर रामबाण औषध सापडल्याचा आनंद झाला. मी त्या आनंदात सहभागी होऊ शकलो नाही, आणि त्याचे कारण एका शासकीय रुग्णालयाच्या भांडारात घडलेली हकिकत हे आहे.

डोंगराळ तालुक्यातले ते रुग्णालय. ‘लाल कांबळी, लोकरीची, उत्तम प्रतीची’ असे वर्णन करून निविदा निघाली, न्यूनतम दर स्वीकारला गेला, आणि ऐन पौषात जी कांबळी आली, त्यांच्यातून उजेडाच्या दिशेने धरले असता पलीकडची खिडकी दिसे. पुरवठादाराला जाब विचारावा, तर ‘उत्तम प्रत’ या शब्दांचे माप कोणत्याही कागदावर नव्हते. पुढच्या वर्षी तेथील मेट्रनबाई माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “साहेब, या वेळी मी सांगते तसे लिहून घ्या.” त्यांनी लांबी-रुंदी सांगितली, एका कांबळ्याचे वजन सांगितले, लोकरीचे किमान प्रमाण सांगितले, आणि मग अशी अट घातली, जी कोणत्याही अधिकाऱ्याला सुचली नसती: प्रत्येक गठ्ठ्यातले एक कांबळे रुग्णालयाच्या धुलाईखान्यात नेहमीच्या रीतीने धुवावे, वाळवावे, आणि ते किती आखडते ते मोजून मगच गठ्ठा दाखल करून घ्यावा. माल आला त्या दिवशी भांडारातला तराजू व्हरांड्यात आणला, कपड्याची फुटपट्टी लावली, आणि धुतल्यावर आखडलेले दोन गठ्ठे पुरवठादाराने मुकाट्याने परत नेले. दर तेव्हाही न्यूनतमच स्वीकारला होता. नियमातले एक अक्षर बदलावे लागले नव्हते. बदलले होते ते केवळ वर्णन, आणि ते लिहिणारी व्यक्ती. मित्रहो, ज्या कचेरीला कांबळ्याचे वर्णन करता येत नाही, ती कचेरी गुणवत्तेला गुण कोणत्या आधारावर देणार आहे?

याच्या उलट बाजूचा आक्षेप मला ठाऊक आहे. वर्णन बारकाईने लिहिले की ते एखाद्या विशिष्ट कंपनीच्याच पदरात पडते, असे लेखापरीक्षक म्हणतात. आणि तसे घडतेही. निर्जंतुकीकरण यंत्राची एक निविदा मी पाहिली आहे. तिच्यात झाकणाच्या मुठीचा रंग नमूद केलेला होता, आणि वाफेचा दाब किती वेळ टिकला पाहिजे, याचा उल्लेखच नव्हता. उघडच आहे की, कोणाचे तरी पत्रक समोर ठेवून ते उतरवले गेले होते. तक्रार झाली, निविदा रद्द झाली, मार्च उलटून गेला, तरतूद व्यपगत झाली, आणि त्या प्रसूतिगृहातल्या परिचारिका पुढले वर्षभर कात्र्या-चिमटे शेगडीवर उकळीत राहिल्या. हा दोष बारकाईचा नव्हे. वस्तूने काय काम करावे हे लिहिण्याऐवजी ती कशी दिसावी हे लिहिले, हा तो दोष आहे. आणि हा भेद उमजण्यासाठी ती वस्तू रोज हाताळणारा माणूस खरेदी समितीत बसावा लागतो. समितीत आज लेखाधिकारी असतो, आस्थापनेचा प्रमुख असतो. परिचारिका, प्रयोगशाळा सहायक, वसतिगृहाचा स्वयंपाकी यांना तेथे कोणी विचारीत नाही.

खरेदी केंद्रीभूत असावी की जिल्ह्यावर सोडावी, या वादात मी आज शिरत नाही. दोन्ही पद्धतींत मी त्याच दीड ओळी पाहिल्या आहेत.

संगणकीय बाजारपेठेमुळे हा प्रश्न सुटला, असे सांगणाऱ्या तरुण सहकाऱ्यांना मला स्पष्ट शब्दांत विरोध करायचा आहे. पारदर्शकता वाढली, हे निर्विवाद आहे, आणि लिफाफे गहाळ होण्याचे जुने प्रकार बंद झाले, याचे श्रेय त्या पद्धतीला दिलेच पाहिजे. परंतु पडद्यावर तयार रकाने आल्याने विचार करण्याची उरलीसुरली सवयही सुटत चालली आहे. एका आश्रमशाळेच्या मुख्याध्यापकांनी मला त्यांची बाके दाखवली. पडद्यावरील रकान्यात जी उंची आधी आली तीच निवडली गेली होती, आणि पहिलीतल्या मुलांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. मुले मांडी घालून बाकावर बसली होती, आणि नस्ती निर्दोष होती.

पूर्वीच्या भांडारांत नमुन्यांची खोली असे. मंजूर झालेला नमुना लाखेने मोहोरबंद करून, त्यावर अधिकाऱ्याची सही असलेली चिठ्ठी बांधून फळीवर ठेवीत. माल आला की लाख फोडून दोन्ही वस्तू शेजारी-शेजारी मांडीत, आणि सरकारी कार्यशाळेतला वृद्ध सुतार खुर्चीच्या पायावर बोटाने टिचकी मारून लाकूड ओले आहे की मुरलेले, ते सांगत असे. त्याच्या शब्दावर गाडीभर माल परत गेलेला मी पाहिला आहे. तो सुतार निवृत्त झाल्यावर ते पद भरले गेले नाही. काही काळाने त्या खोलीत जुनी दप्तरे ठेवली गेली. त्या फळ्यांची आठवण आजही मला अस्वस्थ करते.

लेखापरीक्षणाविषयी मी आदर बाळगूनच बोलतो. यंत्रे विनावापर पडून राहिल्याचे ताशेरे महालेखापरीक्षकांच्या अहवालांत येतात, हे खरे. परंतु रोजच्या तपासणीत न्यूनतम दर का डावलला, याचा आक्षेप निघतो, आणि वर्णन निकामी का होते, याचा निघत नाही. परिणामी निकृष्ट वस्तू स्वस्तात घेणारा अधिकारी सुरक्षित राहतो, आणि टिकाऊ वस्तूचे वर्णन जिवापाड मेहनतीने लिहिणारा खुलासे लिहिण्यात झिजतो. हा अन्याय मी माझ्या डोळ्यांदेखत चांगल्या माणसांवर झालेला पाहिला आहे, आणि तो सहन करण्याची माझी तयारी आता संपली आहे.

काय करावे, हे थोडक्यात सांगतो. भारतीय मानक ब्यूरोची मानके आहेत, पण तालुक्याच्या कचेरीत ती कोणी वाचलेली नसतात. म्हणून रोजच्या वापरातल्या वस्तूंच्या वर्णनांचा एक मराठी कोश या परिषदेने हाती घ्यावा. यशदासारख्या प्रशासकीय प्रशिक्षण संस्थेत निविदाप्रक्रियेबरोबर वर्णनलेखनही शिकवले जावे, अशी विनंती शासनाला करावी. वस्तू वापरणाऱ्याला खरेदी समितीत स्थान मिळावे, आणि वर्षभराने त्याचा अभिप्राय मूळ नस्तीला जोडला जावा. कोशाचे संपादन कोणी करावे आणि खर्चाची तरतूद कोठून व्हावी, याचा आराखडा आज माझ्यापाशी तयार नाही. मेट्रनबाईंनी सांगितलेले कांबळ्याचे वर्णन, तसेच निरनिराळ्या भांडारांतून मी उतरून घेतलेली गाद्या, बाके, पातेली, कंदील यांची वर्णने माझ्या वह्यांत आहेत. त्या वह्या मी आज परिषदेच्या कार्यवाहांच्या स्वाधीन करीत आहे. कोशाचा आरंभ रुग्णालयांपासून करावा की आश्रमशाळांपासून, हे दुपारच्या बैठकीत आपण ठरवावे.