धूळ कोणाची आणि धूर कोणाचा?



पनवेलच्या आसपास राहणारा माणूस सकाळीं बाहेर पडला, कीं त्याची दृष्टि सहज कर्नाळ्याच्या सुळक्याकडे जाते. रविवार, २३ जानेवारी २०२२ रोजीं तो सुळका दिसेना. धुकें म्हणावें, तर वारा जोराचा होता. दुपारपर्यंत ओट्यावर, तुळशीच्या पानांवर, उभ्या मोटारींवर पांढुरकी भुकटी बसली. शेजारचे आप्पा दम्याचे रोगी. खोकत खोकत ते म्हणाले, "गुरुजी, ही त्या खडीवाल्यांचीच करणी! अर्ज लिहा, सारी आळी सही करील."

मीं कागद घेतला. पण लेखणी पुढें सरेना. धूळ खडीची असती, तर खाणीजवळ अधिक आणि दूर कमी पडती. येथें तर मुंबईहून आणि थेट सौराष्ट्रांतूनही तीच वार्ता येत होती.

पुढें उपग्रहांनीं घेतलेलीं चित्रें पाहावयास मिळालीं, तेव्हां उलगडा झाला. सिंध-बलुचिस्तानच्या किनाऱ्याकडून उठलेला मातकट पट्टा अरबी समुद्रावरून आपल्या किनाऱ्याकडे पसरला होता. वायव्येच्या जोरदार वाऱ्यांनीं कराचीकडची धूळ सुमारें ९०० किलोमीटर वाहून आमच्या ओट्यावर आणून टाकिली होती!

एवढ्या उंचीवरून धूळ आणि ढग यांतील भेद कसा कळतो, असें कोणी विचारील. भारताचे इन्सॅट मालिकेंतील हवामान-उपग्रह विषुववृत्तावर सुमारें ३६,००० किलोमीटर उंचीवरून, पृथ्वीच्या फिरण्याशीं गति जुळवून, एकाच प्रदेशाकडे टक लावून असतात. त्यांचीं थोड्या थोड्या वेळानें घेतलेलीं चित्रें ओळीनें मांडलीं, कीं पट्टा कोठून निघाला आणि कोठें चालला, हें उघड होतें. शिवाय ते उष्णतेचे किरणही टिपतात. सुमारें ११ मायक्रॉन लांबीचे किरण मातीच्या कणांतील सिलिका अधिक शोषते. १२ मायक्रॉनचे किरण हिमकणांचे विरळ ढग अधिक शोषतात. दोन्ही मापांची वजाबाकी केली, कीं धूळ एका बाजूस आणि ढग दुसऱ्या बाजूस पडतो. जी वजाबाकी आम्ही मुलांना पाटीवर शिकविली, तीच येथें कामास येते.

आगीची ओळख निराळी. जळत्या वणव्यांतून सुमारें ४ मायक्रॉन लांबीचे किरण इतके प्रखर निघतात, कीं रात्रींही तो ठिपका उठून दिसतो. अशा ठिपक्यांवरून डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था वनखात्यास, तसेंच नांव नोंदविणाऱ्या नागरिकांसही, आगीची वर्दी देते.

मीं हें सारें आप्पांस सांगितलें. ते म्हणाले, "म्हणजे खडीवाला सुटला म्हणा कीं!" मीं म्हणालों, "आप्पा, त्या एका दिवसापुरता सुटला." तो कोरा कागद मीं फाडिला नाहीं; खणांत ठेविला आहे. ज्या दिवशीं समुद्रावर पट्टा नसेल आणि तरीही ओटा पांढरा होईल, त्या दिवशीं तो लिहावाच लागेल. परक्या धुळीवर खिडक्या लावून घेणें आणि दम्याच्या रोग्यानें घरांत बसणें, एवढाच उपाय. आपल्या धुळीवर अर्ज हा उपाय. रोग ओळखल्यावांचून औषध देऊं नये, तसेंच हें.

आणि हा साक्षीदार आपल्याविरुद्धही बोलतो. फाल्गुन-चैत्रांत आपल्या डोंगरांवर वणवे पेटतात. कोणी गवत चांगलें येईल या समजुतीनें काडी लावितो, कोणी जळती विडी टाकितो. तो धूर कराचीहून येत नाहीं.

परंतु उपग्रह सर्वज्ञ नव्हे. ढग आड आला, तर त्याला खालचें दिसत नाहीं. तो हवेचा सारा थर वरून एकदम पाहतो; धूळ आपल्या नाकाशीं आहे कीं उंच आहे, हें एकट्या चित्रावरून ठरत नाहीं. लहानशी आग त्याच्या नजरेंतून निसटते. म्हणून जमिनीवरचा साक्षीदारही हवा. एक वही घ्यावी. तींत तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि सुळका दिसला कीं नाहीं, एवढें लिहावें. मग वरच्या चित्राशीं तें ताडून पाहावें. दोन साक्षी जुळल्या, म्हणजे निरपराध्यावर आळ येत नाहीं आणि अपराधी सुटत नाहीं.

आप्पांनीं अशी वही घातली आहे. आपणही घालावी, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.