फिरतो, पण सुटत नाही : हट्टी नट-बोल्ट कसा काढावा



आज पिकाबद्दल बोलणार नाही, बोल्टाबद्दल बोलणार आहे. हसू नका. मागच्या रब्बीत आमच्या घरच्या रानात छान वाफसा आला होता. ज्वारी पेरायची म्हणून पेरणीयंत्र बाहेर काढले. एक फण वाकलेला होता, तो बदलायचा होता. बोल्टाला पाना लावला तर बोल्ट फिरू लागला. फिरतोय, फिरतोय, पण सुटत काही नाही. मी पडलो शेतकीचा पदवीधर. जोर केला, हातोडा मारला आणि बोल्टाच्या डोक्याचे कोन तेवढे गोल करून ठेवले. दोन दिवस त्यात गेले. तिसऱ्या दिवशी पावसाने गाठले आणि पेरणी बारा दिवस मागे पडली.

पुढे मुंबईत वडाळ्याला मामांकडे गेलो होतो. मामांकडे जुनी पद्मिनी मोटार आहे. ही मोटार वडाळ्याजवळच कुर्ल्याला तयार होत असे. १९६४ पासून फियाट म्हणून आणि १९७४ पासून पद्मिनी या नावाने. मुंबईच्या पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेल्या, पण हौशी माणसे आपल्या गाड्या अजून जपतात. मामांची गाडी गॅरेजात पूर्ण खोलून ठेवली होती आणि मेस्त्री गाडीखाली बसून माझ्यासारख्याच फिरणाऱ्या बोल्टाशी झगडत होते. फरक इतकाच की त्यांचा बोल्ट अर्ध्या तासात निघाला.

मी विचारले, "मेस्त्री, फिरतो म्हणजे सैल झालाय ना?" ते म्हणाले, "साहेब, सैल असता तर हातानं निघाला असता. आटे जाम आहेत. त्याला धरणारा सैल झालाय."

मंडळी, सगळी गोष्ट एवढ्यात आली. नट आणि बोल्ट गंजाने एकजीव होतात. मग आपण बोल्ट फिरवला की नटही त्याच्याबरोबर फिरतो. म्हणून कामे दोन आहेत : एकाला घट्ट धरायचे आणि दुसऱ्याचे आटे मोकळे करायचे. आपण पहिले काम विसरतो आणि दुसऱ्यावरच ताकद लावत बसतो.

दोन्ही बाजूंना हात पोचत असेल तर सोपे आहे. एका बाजूला पाना, दुसऱ्या बाजूला दुसरा पाना किंवा दाबून अडकणारी पकड. ट्रॉलीच्या फळीला गोल डोक्याचे बोल्ट असतात, त्यांच्या डोक्याखाली चौकोनी मान असते. फळी कुजली की मान लाकडात फिरू लागते. अशा डोक्यावर हॅकसॉने खाच पाडा आणि त्यात मोठा स्क्रू-ड्रायव्हर अडकवून धरा. नाहीतर डोक्याच्या दोन बाजू कानशीने सपाट करा, म्हणजे पाना बसेल.

खरी पंचाईत पोकळ पत्र्यात. मोटारीच्या तळाला नट आतून वेल्ड केलेला असतो. वेल्ड तुटले की तो आत गरगरतो आणि हात तर पोचत नाही. मेस्त्रींनी काय केले? बोल्टाच्या डोक्याखाली छिन्नीचे टोक घालून डोके बाहेर ओढून धरले आणि मग पाना फिरवला. ओढल्यामुळे आतला नट पत्र्याला दाबला गेला आणि फिरायचा थांबला. जुळले की बोल्ट निघतो. नाही जुळले तर ड्रिलने बोल्टाचे डोके उडवायचे, किंवा पत्र्याला शेजारी खिडकी पाडून नट धरायचा आणि नंतर खिडकी बंद करायची. पेरणीयंत्राच्या चौकोनी पोकळ दांडीतही हीच युक्ती चालते. मी ती घरी करून पाहिली. माझ्या कोन गेलेल्या डोक्याला पाना धरत नव्हता, म्हणून वेल्डिंगवाल्याकडून त्यावर नवा नट चिकटवून घ्यावा लागला. वेल्डिंगच्या उष्णतेने आटेही थोडे सुटले, हा फायदाच झाला.

आता तेलाचे. गंज सोडवणारे तेल किंवा डिझेल घाला, पण आट्यांवर घाला आणि रात्रभर मुरू द्या. डोक्याखाली तेल गेले तर जी थोडी पकड उरली आहे तीही जाते. उष्णता द्यायची तर नटाला द्यावी. तापून नट पसरतो आणि बोल्टावरची मिठी सैल होते. पण डिझेलची टाकी, ब्रेकची नळी, टायर जवळ असेल तर गॅस लावूच नका, आणि तेल लावलेल्या जागी तर नाहीच. जस्ताचा मुलामा दिलेला बोल्ट तापवला की जो धूर निघतो त्याने ताप भरतो, तेव्हा मोकळ्या हवेत उभे राहून काम करा. ट्रॉलीखाली शिरताना एकट्या जॅकवर विसंबू नका, भक्कम ओंडके लावा. पाट्याचा किंवा स्प्रिंगचा बोल्ट ताणात असेल तर आधी भार उतरवा. बोल्ट सुटताना तो पाटा उसळतो.

पाना बरोबर आहे ना, हेही बघा. जुन्या जीपला आणि जुन्या ट्रॅक्टरला बरेचसे बोल्ट इंची मापाचे असतात. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३ चा पाना बसतो, पण ०.३ मिलिमीटर सैल बसतो, आणि तेवढ्यावर कोन जातात. जवळजवळ बसणारा पाना म्हणजे न बसणारा पाना. माझ्या बोल्टाचे कोन यातच गेले असावेत, अशी मला शंका आहे.

वडाळ्याला गंज का लवकर धरतो? खाडी जवळ, मिठागरे जवळ, हवा खारी. मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड. आपण रानात टाकतो ते म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, लोखंडाच्या दृष्टीने मिठाचा भाऊच. खत टाकून झाल्यावर पेरणीयंत्र तसेच छपरात लावले की वडाळ्याची खारी हवा आपण घरातच आणली, असे समजा. पेरणी संपली त्याच संध्याकाळी खतपेटी रिकामी करा, पाण्याने धुवा, उन्हात वाळवा आणि सगळ्या आट्यांना ग्रीस लावा. माझ्या यंत्राला हे तीन हंगाम झाले नव्हते.

काढलेला बोल्ट पुन्हा वापरू नका. नवा घेताना डोक्यावरचा आकडा वाचा. ब्रेक, स्टिअरिंग आणि ट्रॉलीच्या हुकाला मूळ बोल्टाच्या ताकदीचाच बोल्ट घाला, मूळ ८.८ चा असेल तर ४.६ चा चालणार नाही. दिसायला दोन्ही सारखेच असतात, म्हणून दुकानदाराला आकडा दाखवूनच मागा.