नॅनो युरिया : बाटलीचा आणि गोणीचा हिशेब

(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मघाशी एका बागाईतदार बंधूंनी मला नॅनो युरियाची बाटली दाखवून विचारले, "साहेब, ही अर्ध्या लिटरची बाटली फवारली तर युरियाची गोणी बंद करू का?" प्रश्न साधा आहे, पण चुकीच्या उत्तराने हंगामाचे उत्पन्न घटू शकते. म्हणून आज याच विषयावर बोलतो.

एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले, तर त्यातील एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. इतके सूक्ष्म कण आपल्याला नवे नाहीत. दुधातील केसिन या प्रथिनाचे कण साधारणपणे शे-दीडशे नॅनोमीटरचे असतात. विरजण लावले की आंबटपणामुळे तेच कण एकमेकांना चिकटतात आणि दही लागते.

आपली काळी जमीन तर अशा सूक्ष्म कणांचे कोठारच आहे. तिच्यातील मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीच्या एका पापुद्र्याची जाडी सुमारे १ नॅनोमीटर असते. अशी १ ग्रॅम शुद्ध चिकणमाती घेऊन तिचे सर्व पापुद्रे उलगडले, तर ६ ते ८ गुंठे क्षेत्र व्यापेल! पापुद्र्यांमध्ये पाणी शिरते म्हणून ही जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते.

या पृष्ठभागावर ऋण विद्युतभार असतो. युरिया जमिनीत पडला की त्याचे अमोनियम होते. त्यावर धन भार असल्याने ते चिकणमातीला धरून राहते. पुढे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. नायट्रेटवर ऋण भार असल्याने माती त्याला धरत नाही आणि जास्त पाणी दिले की ते पाण्याबरोबर खाली निघून जाते. युरिया वरवर फेकला, तर चुनखडीयुक्त जमिनीत बराच नत्र अमोनिया वायू होऊन उडून जातो.

आता बाटलीकडे वळू. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या नॅनो युरियात ४ टक्के नत्र होते. म्हणजे ५०० मि.ली.च्या बाटलीत सुमारे २० ग्रॅम. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्क्यांप्रमाणे २० किलो ७०० ग्रॅम नत्र असते. फरक हजारपटीचा आहे. पुढे जास्त नत्राचे उत्पादन आले. ते २० टक्के धरले, तरी बाटलीत १०० ग्रॅमच नत्र होते. दुसरीकडे, १० लिटर पाण्यात २०० ग्रॅम साधा युरिया विरघळवून केलेल्या २ टक्के द्रावणात ९२ ग्रॅम नत्र असते.

वेळेवर पेरलेल्या बागाईत गव्हास हेक्टरी १२० किलो, म्हणजे एकरी ४८ किलो नत्राची शिफारस आहे. कण लहान केला की पृष्ठभाग वाढतो, वजन वाढत नाही. पानातून शिरलेले नत्र वाया गेले नाही असे मानले, तरी २० ग्रॅमचे २० किलो होत नाहीत. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगांत जमिनीतून द्यावयाचे नत्र कमी करून नॅनो युरिया फवारला, तेव्हा भात व गहू दोन्हींचे उत्पादन घटले.

तेव्हा पुढील गोष्टी लक्षात ठेवा :

१. माती परीक्षणानुसार शिफारस केलेले नत्र जमिनीतूनच द्या. बाटलीच्या भरवशावर ते बंद करू नका.

२. युरिया एकदम न देता हप्त्याने द्या. ओल असताना देऊन मातीआड करा आणि त्यानंतर मोकाट पाणी सोडू नका. २०१५ पासून देशात तयार होणारा युरिया निंबोळी तेलाच्या लेपाचा असतो. त्यामुळे नायट्रेट होण्याची क्रिया मंदावते, पण मातीआड करण्याचे काम चुकत नाही.

३. नॅनो युरिया वापरून पाहायचाच असेल, तर शिफारशीच्या खताबरोबर चार-पाच गुंठ्यांवर फवारा. शेजारी तेवढीच जागा फवारणीविना ठेवा, दोन्हींची मळणी वेगळी करा आणि धान्य वजन करून पाहा.

४. कोणतेही खत घेताना लेबलावरील टक्के वाचा, त्यावरून किलो काढा आणि मग किंमत ताडून पाहा.

त्या बागाईतदार बंधूंना माझे उत्तर एवढेच की, गोणी बंद करू नका, गोणीतून वाया जाणारे नत्र वाचवा. तुमच्या पैशाची खरी बचत तिथे आहे.